फोन चालू, प्लॅटफॉर्म बंद

१४ जानेवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मोबाइलसाठी शेवटचं सुरक्षा-अपडेट दिलं. त्यानंतर काहीच येणार नव्हतं. पण त्या तारखेमुळे त्या प्रणालीवर चालणारा कुणाचा लुमिया फोन बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गजर वाजला, फोन लागला, कॅमेऱ्याने फोटोही निघाले. प्लॅटफॉर्म बंद झाल्यावर माणूस गोंधळतो तो याचमुळे. फोन फुटला, पाण्यात पडला, चोरीला गेला, तर नवा घ्यायचा हे उघड असतं. इथे फोन धडधाकट असतो. आणि तरी तो सोडायचा का, सोडायचा तर कधी, हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कंपनीने जाहीर केलेल्या तारखेवर आपला निर्णय सोपवू नये. प्लॅटफॉर्म एका दिवसात बंद होत नाही, त्याचा एकेक भाग वेगवेगळ्या वेळी बंद होतो. आपलं कुठलं काम कुठल्या भागावर अडलेलं आहे हे एकदा कळलं, की केव्हा निघायचं तेही कळतं.

विंडोज फोनचं उदाहरण मुद्दाम घेतो आहे, कारण भारतात त्याला खरोखरचे ग्राहक होते. २०१३ साली नोकियाचा लुमिया ५२० साडेदहा हजार रुपयांच्या आसपास मिळू लागला. त्या किमतीतले अनेक अँड्रॉइड फोन तेव्हा जरा काही उघडलं की हँग व्हायचे. हा अवघ्या ५१२ एमबी रॅमवर न अडखळता चालायचा. पुढे जगभरातल्या विंडोज फोनांत सर्वाधिक खप याच मॉडेलचा झाला. नोकियावर आपल्याकडे लोकांचा जुना विश्वास होता आणि त्या विश्वासावरच कितीतरी जणांनी आपला पहिला स्मार्टफोन म्हणून तो घेतला.

नोकिया विंडोजकडे वळली तीच मुळी एक प्लॅटफॉर्म मागे टाकून. ११ फेब्रुवारी २०११ रोजी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी लंडनमध्ये मायक्रोसॉफ्टशी भागीदारी जाहीर केली आणि तोवर नोकियाच्या स्मार्टफोनांचा कणा असलेली सिंबियन प्रणाली त्याच दिवशी मावळतीला लागली. ज्यांनी सिंबियन सोडून विंडोज फोन ७ धरला, त्यांना दीड वर्षही स्वस्थता मिळाली नाही. जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ जाहीर केला आणि जुन्या फोनांना तो मिळणार नाही हेही सांगितलं. कारण तांत्रिक होतं. विंडोज फोन ७ हा विंडोज सीई या जुन्या, हलक्या गाभ्यावर उभा होता. ८ साठी संगणकावरच्या विंडोजचा एनटी गाभा घेतला गेला. गाभाच बदलल्यामुळे जुन्या फोनांचं हार्डवेअर नव्या प्रणालीसाठी पात्र ठरलं नाही. पण अमेरिकेत लुमिया ९०० हा गाजावाजा झालेला फोन त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाजारात आला होता. तो घेणाऱ्यांना दोन महिन्यांत कळलं की आपला फोन पुढे जाणार नाही. ही मला त्या साऱ्या कहाणीतली सर्वांत वाईट गोष्ट वाटते, कारण विक्रीच्या दिवशी कंपनीला जे ठाऊक होतं ते ग्राहकाला ठाऊक नव्हतं.

लुमिया ५२० पुढे त्याच वाटेने गेला. विंडोज १० मोबाइल आला तेव्हा पात्र फोनांच्या यादीत तो नव्हता. तो विंडोज फोन ८.१ वर राहिला आणि ८.१ ची मुदत ११ जुलै २०१७ ला संपली. बाजारात आल्यापासून जेमतेम सव्वाचार वर्षं. ज्यांनी तो उशिरा, २०१५ मध्ये वगैरे घेतला, त्यांच्या हाती दोनच वर्षं लागली. मुदत फोन घेतल्या दिवसापासून मोजायची नसते, ते मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून ती संपत येत असते. स्वस्तात मिळालेलं जुनं मॉडेल घेताना हे हमखास विसरलं जातं.

दरम्यान वरच्या पातळीवर मोठे व्यवहार होत होते. सप्टेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन-व्यवसाय आणि पेटंटचे परवाने मिळून ५.४४ अब्ज युरोंना घ्यायचं ठरवलं. एप्रिल २०१४ मध्ये व्यवहार पुरा झाला, तोवर सत्या नाडेला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झाले होते. आपण या खरेदीच्या विरोधात होतो, असं त्यांनी नंतर ‘हिट रिफ्रेश’ या पुस्तकात नोंदवलं. जुलै २०१५ मध्ये या व्यवहारापोटी ७.६ अब्ज डॉलरची किंमत हिशेबातून पुसून टाकावी लागली आणि ७,८०० जणांच्या नोकऱ्या जाणार असल्याचं जाहीर झालं. खरं तर प्लॅटफॉर्मच्या शेवटाचा अंदाज त्याच दिवशी बांधता येत होता. तरी ‘आता आम्ही या प्लॅटफॉर्मवर नवी वैशिष्ट्यं आणि नवे फोन यांवर भर देत नाही’ अशा आशयाची सरळ कबुली कंपनीचे अधिकारी जो बेलफिओर यांच्याकडून आली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये, तीही ट्विटरवर. ते स्वतः तोवर अँड्रॉइड फोन वापरू लागले होते.

विंडोज फोन मागे पडला तो ॲप बनवणाऱ्यांमुळे, असं सांगितलं जातं आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण त्यांना दोष देता येणार नाही. विंडोज फोन ७, ८.१ आणि १० या तीन टप्प्यांत ॲप लिहिण्याची पद्धत पुन्हा पुन्हा बदलली. थोड्या ग्राहकांसाठी तेच ॲप परत परत लिहायचं कुणाला परवडेल? गूगलने तर आपली ॲप्स या प्लॅटफॉर्मवर फारशी आणलीच नाहीत. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः यूट्यूबचं ॲप बनवलं, त्यावर गूगलने हरकत घेतली आणि ते बंद पाडलं. फोन कितीही चांगला असला, तरी त्यावर तुमची बँक येणार की नाही हे फोन बनवणारा ठरवत नाही.

भारतात हा मुद्दा २०१६ च्या अखेरीस लख्ख दिसला. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, ३० डिसेंबरला भीम हे यूपीआय ॲप आलं. ते आधी अँड्रॉइडवर आलं, काही आठवड्यांत आयफोनवर आलं. विंडोज फोनवर आलं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलचं तेझ हे यूपीआय ॲप आलं, तेही त्या दोनच ठिकाणी. २०२० मध्ये कोविडसाठीच्या आरोग्य सेतू ॲपचंही तसंच झालं. जिओफोनसाठी त्याची वेगळी आवृत्ती निघाली, विंडोज फोनसाठी नाही. म्हणजे भारतातल्या विंडोज फोनधारकासाठी निघायची खरी वेळ जानेवारी २०२० च्या तीन वर्षं आधीच येऊन ठेपली होती. जी सोय सगळा समाज वापरू लागला, ती आपल्या फोनवर येणार नाही हे ज्या दिवशी कळतं, तो दिवस मी कुठल्याही अधिकृत तारखेपेक्षा महत्त्वाचा धरतो.

आता शेवट कसकसा येतो ते पाहू. विंडोज फोनच्या बाबतीत एप्रिल २०१९ च्या अखेरीस फेसबुक, मेसेंजर आणि इन्स्टाग्रामची ॲप्स गेली. १६ डिसेंबरला ८.१ चं ॲप-स्टोअर बंद झालं. त्यानंतर फोन फॉरमॅट केला तर त्यावर काही नवं टाकता येईना. ३१ डिसेंबरला व्हॉट्सॲप बंद झालं आणि बहुतेकांसाठी गोष्ट तिथेच संपली. अपडेटची मुदत पंधरवड्याने संपली. पण त्याहूनही एक बारीक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली: फोनचा आपोआप होणारा बॅकअप मार्च २०२० पर्यंतच चालेल आणि आधी घेतलेला बॅकअप फोनवर परत उतरवण्याची सोय त्यानंतर फार तर वर्षभर राहील, असं मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलं होतं. बॅकअप आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण त्या बॅकअपलाही मुदत असते.

ब्लॅकबेरीचा शेवट याच्या अगदी उलट झाला. ४ जानेवारी २०२२ रोजी ब्लॅकबेरी ७.१ आणि त्याआधीच्या प्रणाली, तसंच ब्लॅकबेरी १०, यांच्यासाठीच्या सेवा कंपनीने थांबवल्या. त्यानंतर या फोनांवर इंटरनेटच काय, साधे कॉल आणि एसएमएससुद्धा खात्रीने चालतील असं नाही, असं कंपनीने स्पष्ट बजावलं. विंडोज फोन एकटा राहूनही निदान फोन म्हणून उरला. ब्लॅकबेरीचं बरंचसं कामकाज कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेतून होत असल्यामुळे ती यंत्रणा गेल्यावर फोनचा भरवसाच गेला. त्याच कंपनीचे अँड्रॉइडवर चालणारे फोन मात्र चालू राहिले. ‘सपोर्ट बंद’ हे दोन शब्द सगळीकडे सारखे दिसतात, पण त्यांमागे काय बंद होतं हे दर वेळी वेगळं असतं. म्हणून अशी सूचना आली की ती पूर्ण वाचावी. अपडेट थांबणार आहेत, स्टोअर बंद होणार आहे की सर्व्हर, हे त्यात लिहिलेलं असतं.

काही गोष्टी मात्र कुणीच जाहीर करत नाही. त्यांतली एक म्हणजे प्रमाणपत्रं. आपण बँकेचं किंवा कुठलंही संकेतस्थळ उघडतो तेव्हा ते खरं आहे का, हे फोन एका यादीवरून तपासतो. कुणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा याची ही यादी फोन बनतानाच त्यात घातलेली असते आणि तिच्यातल्या प्रत्येक सहीला संपण्याची तारीख असते. अपडेट येत असतील तर यादी ताजी होत राहते. ती थांबली की यादी जुनी होत जाते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशीच एक फार मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली मूळ सही संपली. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था कोट्यवधी संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रं देते. जुन्या फोनांत ती याच सहीवर विसंबून होती आणि तिची स्वतःची नवी सही अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांत नव्हती. संस्थेने खास तजवीज करून त्या फोनांना आणखी काही काळ सांभाळून घेतलं, नाहीतर असंख्य पानांवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ एवढंच दिसलं असतं. असं झालं की लोक नेटवर्कला किंवा वायफायला दोष देतात. फोनची तारीख-वेळ बरोबर असूनही एकामागून एक पानं असा इशारा देऊ लागली, तर कारण बहुधा हेच असतं.

दुसरी गोष्ट नेटवर्कची. भारतात एअरटेलने २०२० च्या सुमारास ३जी बंद केलं. जिओचं जाळं तर सुरुवातीपासून ४जीचं. त्यावर बोलायला व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, लागते आणि ज्या जुन्या फोनांत ती नाही त्यांना साधा कॉलही करता येत नाही. फोनवर अपडेट येवो न येवो, मोबाइल कंपनीने जाळं बदललं की जुन्या फोनचं आयुष्य तिथे ठरून जातं.

सुरक्षेबद्दल लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणतो, अपडेट थांबलं की दुसऱ्या दिवशी खातं रिकामं होणार. दुसरा म्हणतो, एवढ्या कमी लोकांकडे असलेला फोन हॅक करायला कुणाला वेळ आहे? दुसऱ्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, कारण चोर गर्दी असते तिकडे जातो. पण फोनमधल्या बऱ्याच गोष्टी त्या एका प्लॅटफॉर्मपुरत्या नसतात. १६ ऑक्टोबर २०१७ ला बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठातले संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षापद्धतीतला दोष उघड केला. तो दोष एका कंपनीच्या फोनचा नव्हता, पद्धतीचाच होता. मुदतीत असलेल्या प्रणालींना दुरुस्त्या मिळाल्या. विंडोज फोन ८.१ ची मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपली होती. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अपडेट थांबलेल्या फोनवर गाणी ऐकावीत, फोटो काढावेत, आकाशवाणी ऐकावी, बँक, यूपीआय आणि मुख्य ई-मेल खातं मात्र त्यावर ठेवू नये. ई-मेल यासाठी की बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्याच्याच आधारे बदलता येतात.

आता प्रत्यक्ष निघण्याविषयी. निघायचं ते फोन आणि सेवा दोन्ही चालू असताना. शेवटच्या आठवड्याची वाट पाहणाऱ्यांचं नुकसान होतं ते पैशांचं नसतं, आठवणींचं असतं. फोटो संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर साध्या फायली म्हणून उतरवून घ्यावेत. संपर्क-यादी व्हीकार्ड किंवा सीएसव्ही या सर्वमान्य स्वरूपात काढावी, म्हणजे ती कुठल्याही फोनला वाचता येते. व्हॉट्सॲपच्या बाबतीत जास्त जपायला हवं. विंडोज फोनवर घेतलेला त्याचा बॅकअप अँड्रॉइडवर उतरवण्याची अधिकृत सोय नव्हती आणि नंबर तोच राहूनही वर्षानुवर्षांचे संवाद मागे राहिले. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यामध्ये आता तशी सोय झाली आहे, तरी आई-वडिलांशी किंवा गेलेल्या माणसाशी झालेलं बोलणं जपायचं असेल तर ती चॅट एक्स्पोर्ट करून मजकुराची फाइल स्वतःला ई-मेल करून ठेवावी. अशी मजकुराची फाइल वीस वर्षांनीही उघडता येईल.

दोन पायऱ्यांच्या लॉगिनसाठी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल, तर प्रत्येक खातं आधी नव्या फोनवर जोडा, चालतंय याची खात्री करा आणि मगच जुना फोन रीसेट करा. ही चूक झाली की आपल्याच खात्याबाहेर राहावं लागतं. विकत घेतलेली ॲप्स मात्र सोडून द्यावी लागतात. एका प्लॅटफॉर्मवर भरलेले पैसे दुसऱ्यावर चालत नाहीत. जुना फोन कुणाला देणार असाल तर त्यातून आपलं खातं नीट काढून मगच रीसेट करा, नाहीतर नव्या मालकाला तो उघडतच नाही आणि सर्व्हर बंद झाल्यावर उघडून देणारंही कुणी उरत नाही.

जुना फोन धरून ठेवण्याचा आणखी एक मार्ग आहे. हौशी आणि जाणकार मंडळी मिळून लिनेजओएस नावाची अँड्रॉइडची आवृत्ती चालवतात. कंपनीने सोडून दिलेल्या कितीतरी मॉडेलांना ती नवी अपडेट देते. मला या लोकांच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण त्यासाठी फोनचं मूळ कुलूप, म्हणजे बूटलोडर, उघडावं लागतं आणि तसा फोन दिसला की बँकांची अनेक ॲप्स चालायला नकार देतात. दुसरा फोन म्हणून हा उत्तम पर्याय आहे. घरात एकच फोन असेल तर या वाटेला जाऊ नये.

नवा फोन घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते, हे इथे विसरता येत नाही. मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवर चालणारा इंटेक्सचा फोन २०१४ मध्ये भारतात १,९९९ रुपयांना निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने स्मार्टफोनचा नाद सोडला. त्याच प्रणालीतून पुढे कायओएस झालं आणि २०१७ मध्ये जाहीर झालेल्या जिओफोनमधून ते आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचलं. त्यावर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप आलं आणि २०२५ च्या सुरुवातीला ते थांबणार असल्याचं सांगितलं गेलं. ज्या घरात तोच एक फोन आहे तिथे ‘नवा घ्या’ हा सल्ला कामाचा नाही. अशांसाठी पैशांच्या व्यवहाराचे दोन मार्ग माहीत असावेत: *९९# डायल करून चालणारी सेवा आणि साध्या फोनांसाठी मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेलं यूपीआय १२३पे. दोन्हींना इंटरनेट लागत नाही, ॲप-स्टोअरही लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना फक्त बोलायलाच फोन लागत असेल, तर केवळ अपडेट थांबलं म्हणून त्यांच्या हातातला सवयीचा फोन काढून घेऊ नका.

आज अँड्रॉइड किंवा आयफोन वापरणाऱ्याला वाटेल की आपला प्लॅटफॉर्म कुठे बंद होतोय. प्लॅटफॉर्म राहतो, पण आपलं मॉडेल त्यातून गळतं आणि परिणाम तोच होतो. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच लागू झाला: एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट द्यावीच लागतील. विक्री थांबल्यापासूनची मोजणी हे त्या नियमाचं मर्म आहे. उशिरा घेणाऱ्याचं त्यात नुकसान होत नाही. आपल्या सरकारनेही असाच नियम करावा आणि औषधाच्या पाकिटावर छापतात तशी अपडेट थांबण्याची तारीख फोनच्या खोक्यावर छापायला लावावी.

तोवर ही चौकशी आपणच करायची. पुढचा फोन घेताना रॅम आणि कॅमेऱ्याआधी ‘याला सुरक्षा-अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार’ हे विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा आणि तिथेही तारीख नसेल तर ते मॉडेल घेऊ नका. आणि हातातल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटचं सुरक्षा-अपडेट कोणत्या महिन्याचं आहे ते आजच पाहा. ते वर्षभरापेक्षा जुनं असेल, तर येत्या रविवारी फोटो आणि संपर्क उतरवून घ्या.